चिनी भाषेत जेवणाच्या वेळा कशा शिकाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका कारखान्यात काम, चिनी पुरवठादारांशी रोजचा संबंध आणि लवकरच ग्वांगडोंग प्रांतातल्या डोंगग्वान शहरात प्रशिक्षणासाठी जायचं आहे. आकडे येतात, घड्याळात किती वाजले ते सांगता येतं. पण 'जेवणाआधी फोन करतो', 'आत्ताच जेवलो', 'आमच्याकडे नऊला जेवतात' अशी साधी वाक्यं बोलायला गेलं की अडतं. जेवणाशी जोडलेल्या वेळेच्या शब्दांची यादी पाठ करायला हवी आहे.

शब्द देतो, पण वाक्यांत बसवून देतो. दुभाषी म्हणून कारखान्यांत आणि शिक्षक म्हणून वर्गात मी एक गोष्ट सतत पाहत आलो आहे. आपल्या विद्यार्थ्यांना शब्द येतात, पण वाक्य ते इंग्रजीतून जुळवतात, कारण पाठ्यपुस्तक इंग्रजीत असतं. वेळेच्या बाबतीत हा फार लांबचा वळसा आहे. मराठी वाक्यातून थेट चिनीत गेलात तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. ते कसं, हेच या उत्तरात सांगतो.

आधी उच्चारांबद्दल. इथे मी सगळं देवनागरीत लिहितो आहे आणि त्याचा मराठी माणसाला खरा फायदा आहे. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे भेद श्वासाच्या जोरावर होतात, म्हणजे आपल्याकडे होतात तसेच. रोमन लिपीतल्या पिनयिनमध्ये जिथे 'बी', 'डी', 'जी' दिसतात तिथे आपले प, त, क म्हणायचे. 'पी', 'टी', 'के' दिसतात तिथे श्वास सोडून फ, थ, ख. म्हणून 'वाजता' या अर्थाचा शब्द मी 'त्येन' असा लिहितो, 'डिएन' नाही. 'ष' लिहिला आहे तिथे जीभ खरोखर वर वळवा. 'छ' म्हणजे खाणे, तोही जीभ वळवून, आणि त्याच्या शेवटी 'ई' लावायची नाही. 'छी' म्हणजे सात, तो जीभ खाली ठेवून आणि ओठ फाकवून. 'छी त्येन छ फान', म्हणजे सात वाजता जेवणे, हे वाक्य रोज मोठ्याने म्हणा. त्यात हे दोन्ही आवाज शेजारी शेजारी येतात. 'फान' मधला फ मात्र 'फोन' मधला. स्वरांचे चढउतार देवनागरीत दाखवता येत नाहीत; ते ऐकूनच बसवावे लागतात आणि ते किती महत्त्वाचे आहेत याचं उदाहरण पुढे येईलच. शहरांची नावं वर्तमानपत्रांत येतात तशीच ठेवली आहेत.

आता दिवसाची वाटणी. आपल्याकडे सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. चिनी दिवसाचे तुकडे जास्त आहेत आणि ते आपल्या तुकड्यांवर बरोबर बसत नाहीत. 'त्साओषांग' म्हणजे सकाळ, पण ती साधारण आठ-नऊला संपते. न्याहारीची वेळ संपली की ती संपली असं समजा. तिथून दुपारच्या जेवणापर्यंत 'षांगवू'. साडेअकरापासून दीडपर्यंत 'चुंगवू', म्हणजे भर दुपार, जेवणाची आणि डुलकीची वेळ. त्यानंतर सहापर्यंत 'श्यावू'. मग 'वानषांग', आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत 'लिंगछन'. आपण 'सकाळी अकराला मीटिंग' म्हणतो. तिथे अकरा वाजता 'त्साओषांग' म्हटलं तर समोरचा क्षणभर थबकतो. 'षांगवू ष-ई त्येन' हवं. आपली 'दुपारी साडेबारा' ही 'चुंगवू' आणि 'दुपारी चार' ही 'श्यावू'. एका मराठी शब्दाचे दोन चिनी शब्द होतात आणि दोन्ही वेळा सीमारेषा जेवणापाशी आहे. शब्दांत पाहिलं तर 'षांग' म्हणजे वर, 'श्या' म्हणजे खाली आणि मध्ये 'वू', माध्यान्ह. दिवस त्याच्या दोन्ही बाजूंना उतरलेला.

'लिंगछन' बद्दल एक व्यवहाराची गोष्ट. आपण 'रविवारी रात्री एकचं विमान' म्हणतो आणि मनात शनिवारची रात्र असते की रविवारची, यावर घरात वाद होतात. चिनी सहकाऱ्याने 'लिंगछन ई त्येन' म्हटलं की तारीख बदललेली आहे, ती नव्या दिवसाची पहिली वेळ आहे.

तीन जेवणांची नावं सोपी आहेत: त्साओफान, वूफान, वानफान. दुपारच्या जेवणाला 'चुंगफान' असंही म्हणतात, विशेषतः शांघायच्या बाजूला. लेखी किंवा औपचारिक भाषेत 'फान' च्या जागी 'त्स्हान' येतं: त्साओत्स्हान, वूत्स्हान, वानत्स्हान. हॉटेलच्या बुकिंगवर 'हान त्साओ' असं दिसलं तर भाड्यात न्याहारी धरलेली आहे. 'हान ष्वांग त्साओ' म्हणजे दोघांची न्याहारी. बोलताना 'फान' वापरा, नाहीतर छापील वाक्य वाचून दाखवल्यासारखं वाटतं. 'फान' चा मूळ अर्थ शिजवलेला भात, पण 'छ फान' म्हणजे जेवणे, मग ताटात नूडल्स का असेनात.

एक वेळचं जेवण मोजायला 'तुन' हा शब्द आहे: 'ई तुन फान', एक जेवण. आपण 'दोन वेळचं जेवण' म्हणतो ना, तसा. आणि 'ई तुन फान त कुंगफू' म्हणजे एक जेवण होईल एवढा वेळ. हे 'कुंगफू' ऐकायला सिनेमातल्या कुंगफूसारखंच आहे, पण इथे अर्थ फावला वेळ, लागणारा वेळ. जुन्या काळच्या मालिका पाहत असाल तर त्यांत 'ई चान छा त कुंगफू' ऐकू येईल: एक पेला चहा पिऊन होईल एवढा वेळ.

घड्याळाचे शब्द तुम्हाला येतात असं लिहिलं आहे, तरी मराठी माणसाच्या ठरलेल्या अडचणी सांगतो. साडेबारा म्हणजे 'ष-अर त्येन पान': आधी बारा, मग वाजले, मग अर्धा. आपलं 'साडे' आधी येतं म्हणून जिभेवर 'पान' आधी येऊ बघतो. त्याला मागे ढकला. दीड वाजता 'ई त्येन पान', अडीच वाजता 'ल्यांग त्येन पान'. दोन वाजता कधीही 'अर त्येन' नाही, 'ल्यांग त्येन'. पावणेएकसाठी मात्र आपल्यासारखाच विचार आहे: 'छा ई ख ई त्येन', एकाला पाव तास कमी. या 'ख' ला जुना इतिहास आहे. पूर्वी पाणघड्याळावर दिवसाचे १०० 'ख' पाडत, म्हणजे एक 'ख' आपल्या साडेचौदा मिनिटांहून जरासा कमी. छिंग राजवटीत ते ९६ झाले आणि 'ख' बरोबर १५ मिनिटांचा झाला.

दीड वाजता आणि दीड तास यांत मात्र जपा. दीड वाजता: 'ई त्येन पान'. दीड तास: 'ई क पान श्याओष'. अर्धा तास: 'पान क श्याओष'. 'क' कुठे बसतो ते बघा. अर्ध्या तासात तो 'पान' च्या नंतर आहे आणि दीड तासात आधी. 'जेवायला दीड तास सुट्टी असते' हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात लागेल.

आता वाक्यरचना, म्हणजे या उत्तराचा गाभा. मराठीत आपण म्हणतो, 'मी साडेबारा वाजता जेवतो.' चिनीत: 'वो ष-अर त्येन पान छ फान.' मी, साडेबारा, जेवतो. वेळ क्रियापदाच्या आधी. इंग्रजीत ती शेवटी जाते, आणि इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी 'वो छ फान ष-अर त्येन पान' असं बोलून जातो. मराठीतून आलात तर ही चूक होण्याचं कारणच उरत नाही. अनेक वेळा सांगायच्या असतील तर मोठीकडून छोटीकडे: 'परवा संध्याकाळी साडेसहाला' हा मराठी क्रम जसाच्या तसा, 'होउथ्येन वानषांग ल्यू त्येन पान'.

क्रम का सांभाळायचा, हे एकाच उदाहरणात दिसतं. 'ई त्येन' म्हणजे एक वाजता, आणि 'ई त्येन' म्हणजे थोडंसं. 'वो ई त्येन छ फान', मी एकला जेवतो. 'वो छ ई त्येन फान', मी थोडंसं जेवतो. शब्द तेच, फक्त 'ई त्येन' क्रियापदाच्या अलीकडून पलीकडे गेलं आणि घड्याळाचा अर्थ जाऊन पोटाचा आला. हा 'त्येन' जेवणाच्या टेबलावर आणखी कुठे कुठे भेटतो बघा: 'त्येन त्स्हाय' म्हणजे पदार्थ मागवणे, 'त्येनशिन' म्हणजे खाऊचे छोटे प्रकार, 'त्साओत्येन' म्हणजे सकाळची टपरीवरची न्याहारी. आणि 'त्साओ त्येन लाय' म्हणजे जरा लवकर ये. यजमानाने असं म्हटलं तर तो न्याहारीचा उल्लेख नसून लवकर येण्याचा आग्रह आहे.

स्वरांचं उदाहरण देतो म्हटलं होतं, ते याच शब्दाचं. 'फानत्येन' मधला शेवटचा स्वर खाली दबलेला, खोल ठेवला, म्हणजे चिनीतला तिसरा स्वर, तर अर्थ जेवणाची वेळ. तोच स्वर वरून झटकन खाली पाडला, म्हणजे चौथा स्वर, तर अर्थ उपाहारगृह किंवा हॉटेल. 'ताओ फानत्येन ल' म्हणजे एकतर 'जेवणाची वेळ झाली' किंवा 'हॉटेल आलं'. गाडीत बसून हे ऐकलंत तर संदर्भाने कळेलच, पण स्वतः बोलताना तिसरा आणि चौथा स्वर वेगळे ठेवायची सवय इथेच लावून घ्या. सहा वाजताच्या सुमारास कुणीही पोटावर हात ठेवून ही चार अक्षरं म्हटली तर त्यांतला 'त्येन' तिसऱ्या स्वरातला असतो.

मात्र किती वेळ जेवलो, हा कालावधी क्रियापदाच्या नंतर येतो. 'छ फान' हा जोडशब्द आहे, 'खाणे' अधिक 'भात', आणि कालावधी त्याला मधोमध फोडतो: 'छ ल ई क श्याओष त फान', एक तास जेवलो. 'कधी' आधी आणि 'किती वेळ' नंतर, एवढंच लक्षात ठेवायचं. इथे मराठी मदतीला येत नाही, सरावच करावा लागतो.

'आधी' आणि 'नंतर' साठी मराठी पुन्हा उपयोगी पडते. आपण 'जेवणाआधी', 'जेवणानंतर' म्हणतो, शब्द मागून जोडतो. चिनीतही तसंच: 'छ फान ईछ्येन', 'छ फान ईहोउ'. 'जेवताना' साठी 'छ फान त षहोउ'. 'जेवून झाल्यावर फोन करतो' याचं 'छ-वान फान ईहोउ वो केय नी ता त्येनह्वा'. त्यातलं 'छ-वान' हे आपल्या 'जेवून झालं' चं जुळं आहे, 'वान' म्हणजे संपणे. 'आधी जेवू, मग बघू' या अत्यंत चिनी वाक्याला 'श्येन छ फान, त्साय ष्वो' म्हणतात. बारा वाजत आले की मीटिंगमध्ये हे ऐकू येतंच, मग मुद्दा कितीही रंगलेला असो.

छोटं रूप 'फानछ्येन', 'फानहोउ'. ते जास्तीत जास्त कुठे वाचाल, तर औषधाच्या पाकिटावर. तिथे गेल्यावर सर्दी-खोकला झाला आणि औषधं घेतलीत तर साधारण असा मजकूर असतो: 'ई र सान त्स्ह, फानहोउ फूयुंग'. 'ई र' दिवसात, 'सान त्स्ह' तीन वेळा, 'फानहोउ' जेवणानंतर, 'फूयुंग' घेणे. कधी 'फानहोउ पान श्याओष', जेवणानंतर अर्ध्या तासाने. आणि उपाशीपोटी घ्यायचं असेल किंवा रक्त तपासायला जायचं असेल तर 'खुंगफू'. हे मघाच्या 'कुंगफू' च्या अगदी जवळ आहे. ख आणि क चा फरक, आणि स्वराचा. रोमन लिपीतून शिकलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही, मराठी कानाला येतो. निघण्याआधी या चार शब्दांची चिनी अक्षरं तरी ओळखू येतील इतकी पाहून ठेवा. बाकीचं वाचन नंतर शिकलात तरी चालेल, हे मात्र अंगात ताप असताना लागतं.

इथेच मराठी माणूस एका खड्ड्यात पडतो. 'छ्येन' म्हणजे पुढे आणि 'होउ' म्हणजे मागे. वेळेत मात्र 'छ्येन' म्हणजे आधीचं आणि 'होउ' म्हणजे नंतरचं. आपण 'मागच्या आठवड्यात' म्हणजे होऊन गेलेला आणि 'पुढच्या' म्हणजे येणारा असं म्हणतो, नेमकं उलट. परवाच्या दिवसाने गोंधळ वाढतो, कारण आपला 'परवा' होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही. चिनीत 'छ्येनथ्येन' होऊन गेलेला परवा आणि 'होउथ्येन' येणारा. जेवणाचं आमंत्रण असेल तर ते अर्थातच 'होउथ्येन'. आठवड्यासाठी वर आणि खाली: 'षांग क शिंगछी' मागचा, 'श्या क शिंगछी' पुढचा. हे तर्काने आठवू नका. 'होउथ्येन वानषांग ईछी छ फान', म्हणजे परवा संध्याकाळी एकत्र जेवू, असं अख्खं वाक्य जिभेवर बसवा.

आता ज्या दोन शब्दांनी बोलणं खऱ्या माणसासारखं वाटायला लागतं, ते 'च्यू' आणि 'त्स्हाय'. 'था ल्यू त्येन च्यू छ वानफान ल': तो सहालाच जेवला, म्हणजे लवकर. 'वो च्यू त्येन त्स्हाय छ वानफान': मी नऊला जेवतो, म्हणजे उशिरा. 'च्यू' लवकरपण दाखवतो आणि 'त्स्हाय' उशीर, घड्याळात काही का वाजले असेनात. दुसऱ्या वाक्यातला पहिला 'च्यू' म्हणजे नऊचा आकडा, स्वर वेगळा. झालेली गोष्ट सांगताना 'च्यू' च्या वाक्याला शेवटी 'ल' लागतो, 'त्स्हाय' च्या वाक्याला नाही. मराठीत 'सहालाच जेवला' मधला 'च' आणि 'नऊ वाजले तेव्हा कुठे जेवलो' मधलं 'तेव्हा कुठे' या दोघांची आठवण ठेवा. त्यांच्यावरून चिनी शब्द आपोआप निवडला जाईल.

हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून लागणार आहे, कारण डोंगग्वानच्या कारखान्यात रात्रीचं जेवण साधारण साडेपाच-सहाला असतं. आपल्याकडे त्या वेळी चहा चालू असतो. 'आमच्याकडे नऊला जेवतात' हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, 'च्यू त्येन? ना ष येश्याओ!', म्हणजे ते तर रात्री उशिराचं खाणं झालं. 'येश्याओ' हे चौथं जेवण, रात्री नऊ-दहानंतरचं, भाजलेले प्रकार, नूडल्स किंवा पेज. दक्षिणेत त्यालाच उलटून 'श्याओये' म्हणतात. तुम्ही जाताय त्या भागात हे फार चालतं, त्यामुळे सहाला पोटभर जेवला नाहीत म्हणून उपाशी झोपायची पाळी येणार नाही.

त्याच भागात 'त्साओछा' आहे, शब्दशः सकाळचा चहा. चहा असतो, पण त्याबरोबर वाफवलेल्या पदार्थांच्या टोपल्या एकामागून एक येतात. ग्वांगचौमध्ये म्हातारी माणसं वर्तमानपत्र घेऊन सकाळभर तिथे बसलेली दिसतात. रविवारी कुणी 'त्साओछा' ला बोलावलं तर न्याहारी करून जाऊ नका, आणि दुपारच्या जेवणाचा बेतही ठरवू नका. वूहानमध्ये न्याहारी करण्याला वेगळंच क्रियापद आहे, 'क्वोत्साओ', म्हणजे सकाळ साजरी करणे. दिवाळीसारखा सण साजरा करायलाही तोच 'क्वो' वापरतात. तिथे सकाळी कागदी वाटीत तिळाच्या लगद्यातल्या 'रकानम्येन' नूडल्स घेऊन लोक चालता चालता खातात. उत्तरेच्या खेड्यांत दुपारला 'षांगवू' म्हणताना ऐकाल, पण ते अक्षर आणि स्वर वेगळे, अर्थ भर दुपार. शहरात ते वापरू नका, मघाच्या अकरा वाजताच्या 'षांगवू' शी गल्लत होईल.

सगळा देश एकाच घड्याळावर चालतो, बीजिंगच्या. १९४९ नंतर तसं ठरलं. म्हणून पश्चिमेला शिनच्यांग स्वायत्त प्रदेशात सूर्य दोन तास उशिरा येतो आणि तिथे लोक दुपारचं जेवण दोनच्या सुमारास करतात. तिथला 'चुंगवू' घड्याळात पुढे सरकलेला आहे, पण जेवणाला धरूनच आहे. तसं पाहिलं तर हे जुनंच आहे. हान राजवटीच्या काळात दिवसाचे बारा प्रहर धरत आणि त्यांतल्या दोघांची नावं जेवणावरून होती: सकाळी सात ते नऊ 'षष', जेवणाचा प्रहर, आणि दुपारी तीन ते पाच 'पूष', दुसऱ्या जेवणाचा. त्याच्याही आधी, षांग काळातल्या हाडांवरच्या लेखांत, दिवसातल्या वेळा 'मोठं जेवण' आणि 'छोटं जेवण' अशा नोंदवलेल्या सापडतात. तेव्हा लोक दिवसातून दोनदा जेवत. कारखान्याच्या उपाहारगृहाला आजही 'षथांग' म्हणतात. त्यातला 'ष' हाच, जेवण.

फोनबद्दल. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तुम्ही पुण्यात सकाळी साडेनऊला जागेवर बसून पहिला फोन लावता तेव्हा तिथे बारा वाजलेले असतात आणि समोरचा माणूस ताट घेऊन रांगेत उभा असतो. जेवणानंतर 'वूश्यू', दुपारची विश्रांती. दिवे मालवून टेबलावर डोकं टेकवून झोपण्याची पद्धत बऱ्याच कचेऱ्यांत आहे आणि त्यात कुणाला संकोच वाटत नाही. दीड-दोनला काम सुरू होतं, म्हणजे आपल्या अकरा-साडेअकराला. पुन्हा आपल्या तीननंतर ते जेवायच्या तयारीत. हे कळल्यावर 'चीनवाले फोन उचलत नाहीत' ही तक्रार बरीच कमी होते. फोन लागलाच तर विचारा, 'नी फांगप्येन मा? चंगत्साय छ फान मा?', सोयीचं आहे का, जेवताय का? उत्तर 'चंगत्साय छ न' आलं, म्हणजे जेवतोय, तर 'ना नी श्येन छ, वो श्यावू त्साय ता', तुम्ही आधी जेवून घ्या, मी दुपारनंतर पुन्हा करतो, असं म्हणून ठेवून द्या. अशा एका वाक्याने जितका जिव्हाळा निर्माण होतो तितका दहा शिष्टाचाराच्या ईमेलने होत नाही.

'छ ल मा?', जेवलात का? आपल्या 'झालं का जेवण?' सारखंच, जेवणाच्या वेळेच्या आसपास ओळखीच्या माणसाची विचारपूस. उत्तर 'छ ल, नी न?', झालं, तुमचं? किंवा 'कांग छ-वान', आत्ताच झालं. नसेल झालं तर 'हाय मेय छ न'. इथे 'मेय' आला की 'ल' जातो. 'हाय मेय छ ल' असं म्हणू नका, ही चूक आपल्याकडे फार रुजलेली आहे. हे आमंत्रण नसतं. आमंत्रणासारखं वाटणारं आणखी एक वाक्य आहे: 'कायथ्येन छिंग नी छ फान', कधीतरी तुम्हाला जेवायला नेतो. 'कायथ्येन' म्हणजे दुसऱ्या एखाद्या दिवशी, आणि तो दिवस ठरलेला नसतो. आपल्या 'या एकदा घरी' सारखं ते मनापासून असतं, पण त्यावर 'कोणत्या दिवशी?' असं लगेच विचारू नये. दिवस, दिवसाचा तुकडा आणि तास असे तिन्ही आले, 'शिंगछी वू वानषांग ल्यू त्येन', शुक्रवारी संध्याकाळी सहा, की ते खरं आमंत्रण. तिथे दहा मिनिटं आधी पोचा. आणि उपाहारगृहात वेटरने 'माषांग' म्हटलं, तर तो 'लगेच' आपल्याकडच्या 'येतंच आहे' इतकाच ताणला जातो.

पाठ करायला म्हणून दोन म्हणी देतो, कारण त्यांत हे शब्द यमकात बसले आहेत. 'त्साओफान छ हाओ, वूफान छ पाओ, वानफान छ षाओ': सकाळचं चांगलं खा, दुपारचं पोटभर खा, रात्रीचं कमी खा. तिन्ही जेवणांची नावं एका दमात होतात. दुसरी: 'फान होउ पाय पू त्सोउ, ह्वो ताओ च्यू-ष-च्यू', जेवणानंतर शंभर पावलं चाला, नव्याण्णव वर्षं जगा. 'पाय' म्हणजे शंभर, 'पू' म्हणजे पाऊल. आपली शतपावलीच ती, आकड्यासकट. ही म्हण तिथल्या जेवणानंतर म्हणून बघा, आणि सोबत सांगा की आमच्याकडेही याला शंभर पावलंच म्हणतात. गप्पा तिथून पुढे स्वतःच चालतात.

सराव असा करा. मोबाइलवर दुसरं घड्याळ बीजिंगचं लावा. रोज जेवायला बसताना तीन वाक्यं मोठ्याने म्हणा: आता किती वाजले, मी कुठलं जेवण जेवतो आहे, आणि तिथे आत्ता कुठलं जेवण चालू असेल. रात्री नऊला ताटावर बसलात तर: 'श्येनत्साय वानषांग च्यू त्येन. वो च्यू त्येन त्स्हाय छ वानफान. चुंगक्वो श्येनत्साय ष-ई त्येन पान, थामन त्साय छ येश्याओ.' आता रात्रीचे नऊ, मी नऊ वाजले तेव्हा कुठे जेवतोय, चीनमध्ये साडेअकरा झालेत, ते येश्याओ खातायत. पहिल्या आठवड्यात वर्तमानकाळ, दुसऱ्यात कालचं जेवण 'ल' लावून, तिसऱ्यात परवाचं आमंत्रण. रेकॉर्ड करून एखाद्या चिनी सहकाऱ्याला पाठवा आणि फक्त स्वर तपासून द्यायला सांगा. पाठवण्याची वेळ मात्र आपल्या सकाळी साडेनऊची ठेवू नका.